गुलाबाचं पाकीट

१२ नोव्हेंबर १९९७, बुधवार

परत सुरू! दिवाळीच्या आधी झालं, दिवाळीत झालं, आणि आज भाकरी थापता थापता परत. काही ताळतंत्रच राहिलं नाही. सासूबाईंनी तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पुन्हा? आगं, बाजूला बसायचं तरी किती! मंग भाकरी कोणी करायच्या?" मी म्हटलं, नाही हो, नुसतं अंग दुखतंय. खोटं बोलले. तीन दिवस मागच्या खोलीत बसले तर घर कोण पाहणार आणि दुकान कोण पाहणार?

दुपारी मेडिकलवर बसले. दुकान पुढं, घर मागं. हे जेवून थोडं आडवे होतात तेवढा वेळ गल्ला माझ्याकडं. जाफराबादच्या बायकांना ती वेळ पाठ झालीय. यांच्यापुढं जे तोंडातून निघत नाही ते सगळं दुपारी. कोणी पदर तोंडाला लावून "ते द्या" म्हणतं, कोणी नुसतं बोट दाखवतं. मी पेपरात गुंडाळून देते, त्या पिशवीत तळाशी घालतात, वर भाजी.

सध्या गुलाबाच्या पाकिटांना तोटा पडत नाही. काकासाहेबानं — यांना जालन्याहून सगळा माल तोच पुरवतो — दिवाळीच्या तोंडावर आणून टाकली. वर गुलाबाचं चित्र, कंपनीचं नाव नाही, गाव नाही, वास मात्र घमघम. नावाच्या पाकिटापेक्षा निम्म्यानं स्वस्त. जन्मभर कपडा वापरलेल्या बायकाही नेऊ लागल्यात. शाळेतल्या पोरी, नव्या सुना, अंगणवाडीच्या बाई. मीही त्यातलंच काढते. कपड्यानं आता भागतच नाही मला.

स्टुलावर उशी घेऊन बसले. तरी कंबर गेली.

१३ नोव्हेंबर

काही लिहायला नाही. पाय भरून आलेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज बेबीनंदा आल्ती. स्टँडमागं राहते, नवरा एसटीत कंडक्टर. लग्नाला वर्षसुद्धा झालं नाही. दुकानात कोणी नाही असं पाहून आत आली, आणि तरी बोलेना. मग एकदम — "काकू, खाजेवर काय हाय का?"

"कुठं खाजतंय?"

डोळे भरले. "बसाया येईना काकू. सगळं सोलून निघालंय. हे म्हणतेत, तुला मायघरूनच कायतरी रोग हाय."

मलम दिलं. कोमट पाण्यानं धू म्हटलं, आठ दिवस नवऱ्याला लांब ठेव म्हटलं. ती हसली पण रडल्यासारखी. "त्येच लांब झालेत," म्हणाली.

ती गेल्यावर त्याच मलमाची एक ट्यूब माझ्यासाठी काढून ठेवली. कारण मलाही तसंच आहे! मांडीला चट्टे, आग, कडेनं बारीक पुळ्या. मी धरून चालले होते की वयानं असेल, घामानं असेल. नोव्हेंबरात घाम कुठला?

यांना संध्याकाळी नुसतं म्हटलं, बायका खाजेची तक्रार करून राहिल्यात. हे म्हणाले, "उष्णता असती. धने-जिऱ्याचं पाणी प्या म्हणावं." पेपरातून मान वर केली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मैमूना आली. दुकानात नाही, मागच्या दारानं. आमची भिंत एक आहे. तिचा महेमूद जालन्याला काळीपिवळी जीप मारतो, पोरगी हसीना यंदा दहावीला. हुशार आहे. सासूबाईंना कीर्तनाची पत्रिका तीच वाचून दाखवते.

"चार दिन से बुखार है पुष्पाबाई. उतरताच नै. चलने कू नै होता बच्ची कू." आणि मग कानाशी — "नीचे फोडा आया है. इत्ता बडा. बाप कू कैसा बताऊँ?"

दिवाळीत मैमूनेला हसीनेसाठी ते गुलाबाचं पाकीट मीच दिलं होतं. ती कपड्याला धरूनच होती. मीच म्हटलं, पोरगी दिवसभर शाळेत बाकावर बसती, चिंध्या कशाला, हे घे, सोपं आहे. केवढी खूश झाली होती मैमूना! "हमारे जमाने में जो हुआ सो हुआ, मेरी बच्ची कू चिंधी नको."

जाऊन पाहिलं. हसीना कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. अंग तव्यासारखं. मला पाहून म्हणाली, "काकू, मेरी चाचणी रह गयी." परीक्षेची काळजी!

महेमूद ओट्यावर बसला होता. त्याला म्हटलं, उद्या सकाळी जीप काढा, पोरीला जालन्याला न्यायचं, मीही येते. तो म्हणाला, "हुआ क्या, वो तो बोलो कोई." मैमूना माझ्याकडं पाहते, मी तिच्याकडं. "बायकांचं आहे," मी म्हटलं. त्यानं मान खाली घातली. जीपमध्ये गादी टाकू का, एवढंच म्हणाला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल दिवसभर जालना. आज हात लिहायला उचलत नाही, पण लिहिते.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. महेमूदला बाहेर बसवलं. हसीनेला तपासलं आणि तोंड कडक झालं त्यांचं. गळू चिरलं. पोरीनं मैमूनेचा हात असा धरला की बांगड्या फुटल्या. पुवाचा वास सगळ्या खोलीत. सलाइन लावलं.

"अजून दोन दिवस घरी ठेवली असती तर विष रक्तात गेलं असतं. काय वापरते ही?"

मैमूना खाली पाहते.

"कपडा?"

"नाही," मी म्हटलं. "पाकीट."

"कुठलं?"

मी सांगितलं, गुलाबाचं. नाव नाही त्याला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अशा महिनाभरात बऱ्याच आल्या माझ्याकडं. परतूरकडच्या, अंबडकडच्या. सगळ्या कपडा म्हणतात नाहीतर काहीच म्हणत नाहीत. पाकीट म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. एक आणून द्याल का मला?"

मग मी निघाले तर म्हणाल्या, "तुम्ही बसा. आरशात पाहिलंय का तोंड? पांढरं फटक पडलंय." मलाही झोपवलं टेबलावर. चट्टे पाहिले, पोट दाबून पाहिलं. पिशवीला गाठ आहे म्हणे, म्हणून एवढं जातं. अंगात रक्तच नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या, संक्रांतीनंतर या म्हणाल्या. बरं म्हटलं. मला त्या वेळी त्याचं काहीच वाटलं नाही. पलंगावर ती पोरगी दिसत होती.

मैमूना तिथंच राहिली. येताना जीपमध्ये महेमूद आणि मी. भोकरदन गेल्यावर तो एकदाच म्हणाला, "बाई, बच जाएगी ना?"

२७ नोव्हेंबर

सकाळी मागच्या खोलीत बसून एक पाकीट कापलं. कात्रीनं, मधोमध.

वरची जाळी पातळ, ती नवी होती. आतला कापूस कापसासारखा नव्हताच! राखट, गोळ्या गोळ्या झालेला. त्यात जाळीच्या पट्ट्यांचे तुकडे — जखमेवर बांधतात त्या पट्टीचे. चिकटपट्टीचा तुकडा निघाला, त्याला केस चिकटलेले. आणि काळा दोरा, गाठ मारलेला. मेडिकलवाल्याची बायको आहे मी, टाक्याचा दोरा ओळखते. नाकाशी धरलं तर गुलाबाच्या वासाखाली फिनेलचा वास.

दवाखान्यातला वापरलेला कापूस. धुऊन, अत्तर मारून.

न्हाणीत जाऊन ओकले. हे मी अंगाला लावलं. हे मी हसीनेला दिलं, हसत हसत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

यांना दाखवलं. दुकान उघडायच्या आधी, कापलेलं पाकीट परातीत ठेवून समोर केलं. यांनी तोंड फिरवलं.

"ते आत ने आधी!"

"पाहा तर."

"बायकांची चीज हाय, मी काय पाहू त्याच्यात?"

"विकता तुम्ही!"

"विकतो म्हणून उघडून पाहतो का? मला काय माहीत आत काय असतं ते!"

खरंच माहीत नव्हतं यांना. दीड महिना हातानं मोजून दिली, कधी एक उघडलं नाही. मी काळा दोरा चिमटीत धरून पुढं केला. तेव्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हे मुळात वाईट नाहीत. गरिबाला चार गोळ्या अशाच देतात. पण म्हणाले, "कोणाला बोलू नको. काकासाहेबाला सांगतो, माल परत घेऊन जा म्हणून. तेवढंच. तो बिघडला तर उद्या दुकानात ठेवायला गोळी मिळणार न्हाई. स्टँडवर नवीन मेडिकल पडलंय, ते टपूनच हाय."

"आणि विकलेली?"

"ते झालं आता."

झालं आता! हसीनेला काल दुसऱ्यांदा चिरलं.

३ डिसेंबर

दुपारी जी येते तिला सांगते. हळूच, नाव न घेता. गुलाबाचं घेऊ नका, घरात असलं तर टाकून द्या. कपडा असेल तर तोच बरा, पण उन्हात वाळवा, उघड्या उन्हात. एक म्हणाली, "उन्हात कुठं घालू बाई? सासरा अंगणात बसलेला असतो." दुसरी म्हणाली, स्वस्त म्हणून तुम्हीच दिलं होतं ना?

बेबीनंदाला सांगितलं. "म्हंजे मला रोग न्हाई?" तीनदा विचारलं तिनं. तिला कडकडून मिठी मारावी वाटली, पण मध्ये काउंटर.

५ डिसेंबर

हसीना घरी आली. चालते, पण भिंत धरून. मैमूना माझ्याशी बोलत नाही. बोलू नये हेच बरोबर आहे.

८ डिसेंबर, सोमवार

काकासाहेब आला. कपाळाला गंध, अंगावर सोवळ्याची शाल — दत्तजयंतीचं पारायण धरलंय म्हणे सात दिवसांचं. पाण्याचा घोटसुद्धा परक्याच्या घरचा चालत नाही. खुर्चीवर स्वतःचा पंचा टाकून बसला.

मी दारामागं न थांबता बाहेरच आले. "काकासाहेब, त्या पाकिटात काय भरलंय?"

यांनी डोळे वटारले. काकासाहेब हसला. "वहिनी, कापूस भरलाय. कापूस शेवटी कापूसच असतो."

"पोरगी मरता मरता वाचली."

"आता गावात ताप येतेच की कोणाकोणाला. ह्या बायकांच्या गोष्टी, त्यांची साफसफाई बराबर नसती, मंग नाव मालाचं." मग यांच्याकडं वळून, जशी मी तिथं नाहीच — "नसंल जात तर परत द्या ना! माझं काय नुकसान न्हाई. आष्टीला, वाटूरला माल कमी पडून राह्यला. गुरुवारी गाडी आणतो, खोकी काढून ठेवा."

हे म्हणाले, "बरं." सुटल्यासारखे म्हणाले.

वाटूरला माझी लेक दुर्गा नांदते. आणि दुर्गा नसती तरी! कोणाची तरी आहेच ना तिथं.

१० डिसेंबर, बुधवार

सासूबाईंना सगळं सांगितलं. आजवर त्यांच्याशी असलं कधी बोलले नव्हते. बाजूला बस, बाजूला बसू नको, एवढंच बोलणं आमचं. त्या शेंगा फोडत होत्या.

म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ अशीच गेली. ताप भरला, ओटीपोट फुगलं. कोणी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई. आम्ही म्हणलो बाहेरचं लागलं, लिंबं उतरवली. ओल्याच चिंध्या घ्यायची ती. वाळवायला जागाच नव्हती तिला." मग शेंगांची टोपली बाजूला सारली. "खोकी कुठं हायेत?"

बोळात होती. हे दुकानात असताना दोघींनी ओढली. सत्तरीची बाई, पदर खोचून! एकेक करत मागच्या खोलीत नेली, घोंगडी टाकली वरून.

"आता तू बाजूला बस," म्हणाल्या. "खरंच हाय ना चालू?"

चालू नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा चालू नसताना बाजूला बसले!

११ डिसेंबर, गुरुवार

काकासाहेबाची गाडी दुपारी आली. मी खोलीत घोंगडीवर. सगळं ऐकू येत होतं.

हे बोळात आले, खोकी नाहीत. "आई, इथला माल?"

"आत टाकला. बोळात उंदरं झालेत."

काकासाहेब स्वतः अंगणातून आला, बरोबर हमाल. सासूबाई दाराच्या उंबऱ्यात बसल्या असणार, आवाज तिथूनच येत होता. "जावा की आत. पण सून बाहेरची बसलीय. सगळं तिनं शिवलेलं हाय. हमालानं उचललं, गाडीत घातलं, गाडीत तुम्ही बसणार. पारायण धरलंय म्हणं तुम्ही?"

मी तोंडात पदर कोंबला.

"उद्या... परवा येतो मंग," काकासाहेब म्हणाला.

"तिचं आजकाल लई दिवस चालतंय," सासूबाई म्हणाल्या. "काय नेम न्हाई बघा!"

गाडी गेली. सासूबाई आत आल्या, खाली बसल्या, आणि दोघी हसत सुटलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. किती वर्षांनी हसले मी.

हे दारात आले. आमच्याकडं पाहिलं, खोक्यांकडं पाहिलं. रागावतील वाटलं. परत दुकानात गेले.

१५ डिसेंबर

काकासाहेब पुन्हा आला नाही. औषधंही पाठवली नाहीत. खोकल्याचं औषध संपलं.

२२ डिसेंबर, सोमवार

जालन्याला औषधांच्या सरकारी कचेरीत गेल्ते. यांना म्हटलं चला, हे म्हणाले, "लायसन माझ्या नावावर हाय, मी कसा येऊ?" महेमूदनं नेलं. आणि निघताना मैमूना येऊन जीपमध्ये बसली! माझ्याशी बोलली नाही. नुसती शेजारी बसली. माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

साहेब तरुण, चांगला वाटला. पण मी पाकीट टेबलावर ठेवलं तसा तो वर पंख्याकडं पाहू लागला. जे बोलला ते पंख्याशीच. मी म्हटलं, चट्टे मला आले, माझं नाव लिहा. वाटेत एक पाकीट देऊन डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेतली होती, ती दिली. त्यानं वाचली. खरंच हळहळला.

"बाई, पण हे औषधात येत नाही."

"मग कशात येतं?"

त्यानं दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला विचारलं. त्यानं तिसऱ्याला. तिसरा म्हणाला, कटलरीत बघा. कोणीतरी हसलं. साहेब हसला नाही. "मी खोटं सांगत नाही बाई. औषध असतं तर उद्या धाड घातली असती. सलाइन असू द्या, साधी डोकेदुखीची गोळी असू द्या. याला माझ्याकडं कलमच नाही."

मैमूना उठली आणि म्हणाली, "साहब, बदन के अंदर जाता जहर, और दवा नै बोलते?"

त्यानं तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिलं. आमच्याकडं. पण कलम नव्हतंच.

परत येताना तिनं शेंगदाण्याची पुडी फोडली, अर्धी माझ्या हातावर ओतली.

२३ डिसेंबर

यांना कचेरीतलं सांगितलं. ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "औषध असतं तर धाड घातली असती म्हणाला?" हो म्हटलं. मग दुकानात गेले.

२९ डिसेंबर

परत सुरू. गोळ्या घेते, तरी चक्कर. सासूबाईंनी स्वतः भाकरी केल्या. बाजूला बस म्हणाल्या नाहीत, पड म्हणाल्या.

२ जानेवारी १९९८, शुक्रवार

रोजे सुरू झालेत. हसीनेला डॉक्टरीणबाईंनी धरू नको सांगितलंय, म्हणून रुसलीय. दुपारी दुकानात येऊन बसली माझ्याजवळ. बारीक झालीय, पण तोंडावर तेज परत आलंय. एक बाई आली, नेहमीसारखं बोट दाखवलं. मी काही बोलायच्या आत हसीनाच म्हणाली, "गुलाब का नको. मेरे कू उससे फोडा हुआ था." अशी सरळ! मैमूनेला कळलं तर मारील. मी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

८ जानेवारी, गुरुवार

फळ्या रिकाम्या होऊन राहिल्यात. गिऱ्हाईक येतं, नाही ऐकतं, स्टँडवर जातं. स्टँडवरच्या मेडिकलात आज गुलाबाची पाकिटं लटकलेली पाहिली. समोरच, दोरीला.

म्हणजे आम्ही केलं काय? एवढी खोकी घरात कोंडली आणि गावात माल आलाच. डॉक्टरीणबाई, कचेरी, चकरा — सगळं सोडून घरी बसून राहिले असते तरी हेच झालं असतं. थकले मी. गाठ वाढली तर वाढू दे.

हे आठ दिवस धड जेवत नाहीत. अर्धी भाकरी, उठले. दुकानात आतल्या बाजूला बसून जुन्या बाटल्या पुढं-मागं करत राहतात. मी काही विचारत नाही. विचारायला ताकद लागते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हळदीकुंकवाला बायका आल्या. वाण लुटून झालं, आणि मी दार लोटून बोलले. मोठ्यानं, नाव घेऊन. पाळी म्हटलं, पाकीट म्हटलं, चट्टे कुठं आले ते म्हटलं. दोघी उठून गेल्या. एक म्हणाली, सणासुदीचं हे काय! पण बेबीनंदा उठली नाही. ती म्हणाली, "मलाबी झाल्तं." मग कोपऱ्यातली एक म्हणाली, मलाबी. मग अजून एक. हातात तिळगूळ तसाच. सासूबाई मधोमध बसून सगळ्यांकडं पाहत होत्या, जशा मोजतायत.

१६ जानेवारी, शुक्रवार

हे सकाळच्या गाडीनं जालन्याला गेले. कशाला ते सांगितलं नाही. धुतलेला सदरा घातला होता. काकासाहेबाच्या पाया पडून माल आणायला गेले असणार. मी थांबवलं नाही. घर चालायला पाहिजे, तेही खरं.

संध्याकाळी आले, रिकाम्या हातानं. चहा मागितला, झोपले.

२० जानेवारी, मंगळवार

दुकानाला सील लागलं.

साहेब तोच, पंख्याकडं पाहणारा. आज नीट समोर पाहून नमस्कार केला मला. तक्रार यांचीच होती — स्वतःवर! इतकी वर्षं काकासाहेबाकडून बिनबिलाची औषधं घेतली, तारीख खोडलेली सलाइनं घेतली, विकली, सगळं त्या दिवशी जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगून आले. ते औषध होतं. त्याला कलम आहे. काल काकासाहेबाच्या गोदामावर धाड पडली. औषधं निघालीच. आतल्या शेडमध्ये कापसाचे ढीग निघाले, छतापर्यंत. स्टँडवरच्या दोरीला आज पाकिटं नाहीत. यांचं लायसन गेलं, पुढं खटला चालेल.

मी म्हटलं, "मला एका शब्दानं सांगायचं तरी."

हे जेवायला बसले होते. दुसरी भाकरी मोडत म्हणाले, "तू नको म्हणली असतीस."

म्हटलंच असतं.